आकाशातला माग

आकाशात पाऊलखुणा उरत नाहीत, ही आपल्या वाङ्मयातील फार जुनी समजूत आहे. आसक्ती सुटलेल्या माणसाची गती कशी असते हे सांगताना 'धम्मपदा'ने आकाशातून उडणाऱ्या पक्ष्यांचा दृष्टान्त घेतला. महाभारताच्या शांतिपर्वात पक्ष्यांच्या जोडीला पाण्यातले मासेही आले. दोन्ही ठिकाणी आशय एकच : जो गेला त्याचा माग काढता येत नाही. आपली बोलीही हेच मानते. एखादी गोष्ट पुरती नाहीशी झाली की ती 'हवेत विरली' असे आपण म्हणतो. हवा म्हणजे काहीही लक्षात न ठेवणारे माध्यम, असे गृहीत धरूनच हा वाक्प्रचार चालत आला आहे.

उड्डाणशास्त्राचे मत निराळे आहे. त्याच्या लेखी हवा थोडा काळ तरी लक्षात ठेवते, आणि तेवढा काळ एखाद्या विमानाला पाठीवर पाडण्यास पुरेसा असतो. हा विषय आमच्या वाचनाच्या नेहमीच्या कक्षेतला नव्हे. तरीही गेली काही वर्षे तो आमच्या मनातून हलत नाही, आणि त्याचे कारण शेवटी वाङ्मयाशीच येऊन भिडते.

प्रथम वस्तुस्थिती. विमान हवेवर 'तरंगते' असे आपण म्हणतो, पण तरंगणे हे होडीचे काम. विमानाला क्षणाक्षणाला हवा खाली ढकलत राहावे लागते, तेव्हा कुठे त्याचे वजन तोलले जाते. पंखाच्या खाली दाब अधिक आणि वर कमी असतो. पंखाच्या टोकाशी ही दोन जगे एकमेकांना भेटतात, खालची हवा टोकाला वळसा घालून वर धावते, आणि दोन्ही टोकांमागे दोन आडवे भोवरे तयार होतात. ते एकमेकांच्या उलट दिशांनी फिरत विमानाच्या मागे मैलोगणती पसरतात. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०७ सालच्या आपल्या ग्रंथात या मागे रेंगाळणाऱ्या भोवऱ्यांची कल्पना मांडली. पुढे जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांनी तिला गणिताचे रूप दिले. इंग्रजीत या प्रकाराला 'वेक टर्ब्युलन्स' म्हणतात. पाणी कापत गेलेल्या जहाजामागे जो खळबळता पट्टा उरतो, त्यावरून हे नाव पडले.

हे भोवरे इंजिनाच्या झोतामुळे उठतात, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वास्तविक इंजिन नसलेले ग्लायडरदेखील ते मागे ठेवते. भोवरा ही उचलून धरले जाण्याची किंमत आहे. विमान जितके जड आणि जितके मंदगती, तितका तो प्रबळ. एअरबस कंपनीच्या ए-३८० या दुमजली विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ५७५ टन असते. एवढा भार आकाशात पेलायचा तर हवेला केवढी उलथापालथ सोसावी लागत असेल, याची कल्पना केलेली बरी.

या भोवऱ्यांचे दर्शन आपल्याला गच्चीवरूनही घडू शकते. उंचावरून गेलेल्या विमानामागे जी पांढरी रेघ उमटते ती इंजिनातून बाहेर पडलेल्या बाष्पाच्या हिमकणांची असते. पण हे हिमकण भोवऱ्यांत ओढले जातात आणि अदृश्याला दृश्य करून दाखवतात. नीट पाहिले तर आधी दोन समांतर रेघा दिसतात. काही वेळाने त्या नागमोडी होतात, जवळ येतात, एकमेकींस चिकटतात, आणि रेघेच्या जागी लांबट कड्यांची साखळी उरते. असे का घडते याचे गणित एस. सी. क्रो यांनी १९७० साली मांडले. आदर्श द्रवात भोवऱ्याला मध्येच कोठे संपता येत नाही, त्याने सीमेपर्यंत पोहोचावे किंवा स्वतःशीच मिळून वर्तुळ व्हावे, हा सिद्धान्त तर हेल्महोल्ट्झ यांनी १८५८ सालीच सांगून ठेवला होता.

जमिनीजवळ या भोवऱ्यांचा धोका यंत्रणांनी पूर्वीच ओळखला होता. १९७२ च्या मे महिन्यात अमेरिकेत फोर्ट वर्थ येथे एक डीसी-९ विमान डीसी-१० च्या मागोमाग उतरताना भोवऱ्यात सापडून कोसळले, आणि पुढच्या-मागच्या विमानांतील अंतराचे नियम अधिक कडक झाले. जड विमानाचा वैमानिक नियंत्रकाशी बोलताना आपल्या उड्डाणाच्या नावापुढे 'हेवी' हा शब्द जोडतो. ए-३८० चा वैमानिक 'सुपर' म्हणतो. आम्हांस हा शिष्टाचार फार अर्थपूर्ण वाटतो. आपले वजन किती आहे हे आपणहून जाहीर करायचे, म्हणजे मागच्याला अंतर राखता येईल. साहित्यव्यवहारात ही सोय नाही.

उंचावर, म्हणजे तीस-पस्तीस हजार फुटांवर, प्रश्न थोडा वेगळा आहे. तेथे विमाने एकाच वाटेवर एकावर एक अशा मजल्यांतून धावतात. पूर्वी २९ हजार फुटांच्या वर दोन मजल्यांत दोन हजार फुटांचे अंतर असे. उंची मोजणारी उपकरणे अचूक झाली, रहदारी वाढली, आणि हे अंतर एक हजार फुटांवर आणले गेले. उत्तर अटलांटिकवर ही पद्धत १९९७ साली आली, आपल्या भागात नोव्हेंबर २००३ मध्ये. एक हजार फूट म्हणजे तीनशे मीटर. समोरासमोरून येणारी दोन विमाने इतक्या अंतराने एकमेकांच्या वरखालून जातात तेव्हा त्यांचा परस्परसापेक्ष वेग सेकंदाला सुमारे अर्धा किलोमीटर असतो. खिडकीतल्या प्रवाशाला डोळ्याचे पाते लवेपर्यंत काहीतरी चमकून गेल्याचा भास होतो, एवढेच.

धडक होऊ नये यासाठी हे अंतर पुरेसे आहे. परंतु भोवरे जागच्या जागी राहत नाहीत. ते मिनिटाला काही शे फूट या गतीने खाली उतरतात. बहुतेक वेळा वाऱ्याने बाजूला सरकतात, क्षीण होतात, मोडतात. क्वचित, हवा शांत असली आणि वरचे विमान फार जड असले, तर मात्र ते जिवंतपणी खालच्या मजल्यावर येऊन पोहोचतात. त्यात आणखी एक भर पडली आहे. उपग्रहांच्या साहाय्याने दिशा ठरवणारी आजची विमाने आपल्या ठरलेल्या रेषेपासून काही मीटरही ढळत नाहीत. जुन्या काळी उपकरणांच्या ढोबळपणामुळे एकाच वाटेवरची विमाने नकळत इकडेतिकडे विखुरलेली असत. आता ती नेमकी एकमेकांच्या डोक्यावर असतात.

दिनांक ७ जानेवारी २०१७ रोजी चॅलेंजर ६०४ हे एक छोटे खासगी जेट मालदीवची राजधानी माले येथून अबूधाबीला निघाले होते. विमानात सहा प्रवासी आणि तीन कर्मचारी. अरबी समुद्रावर, मुंबईच्या हवाई माहिती-क्षेत्रात, ते ३४ हजार फुटांवरून वायव्येकडे चालले होते. समोरून, ३५ हजार फुटांवरून, दुबईहून सिडनीला निघालेले एक ए-३८० आले आणि वरून निघून गेले. दोन्ही विमाने आपापल्या मजल्यावर होती, नियमाचा कोठेही भंग झाला नव्हता. त्यानंतर पाऊण मिनिट लोटले, आणि छोट्या विमानाने अकस्मात कूस बदलली. ते आपल्याच अक्षाभोवती गरगरले. वैमानिकांच्या सांगण्याप्रमाणे एकदा नव्हे, अनेकदा. जवळजवळ नऊ हजार फूट ते खाली आले. एक इंजिन बंद करावे लागले. आतील माणसे छतावर आणि आसनांवर आदळून जखमी झाली. वैमानिकांनी विमान सावरले, इंजिन पुन्हा सुरू केले आणि मस्कतला उतरवले. सर्वांचे प्राण वाचले. विमानाच्या सांगाड्याने मात्र इतका ताण सोसला होता की ते कायमचे मोडीत काढावे लागले.

जर्मन अपघात-अन्वेषण विभागाच्या अहवालातला एक तपशील आम्ही विसरू शकत नाही. वैमानिकाने सांगितले की आकाश निळे होते आणि खालचा समुद्रही जवळपास त्याच रंगाचा होता; वर कोणते आणि खाली कोणते हे त्याने ढगांवरून ओळखले. ही एरवी एखाद्या कवितेत शोभावी अशी गोष्ट येथे एका तांत्रिक अहवालात, कोणताही आव न आणता, साक्ष म्हणून येते.

या घटनेच्या कालक्रमाकडे मात्र थोडे बारकाईने पाहावे लागते. ए-३८० वरून गेल्यानंतर पाऊण मिनिटाने छोटे विमान भोवऱ्यात सापडले, म्हणून तो भोवरा 'नंतरचा' असे वाटते. तसे नाही. दोन विमाने विरुद्ध दिशांनी जात होती. भेट झाल्यावर छोटे विमान पुढे जिथे पोहोचले, तेथून ए-३८० भेटीच्याही आधी गेलेले होते. म्हणजे ज्या भोवऱ्याने त्याला उलटवले तो ही भेट होण्यापूर्वीच निर्माण होऊन, सावकाश खाली उतरत, त्याच्या वाटेत येऊन थांबला होता. समोरून येणाऱ्याला ओलांडून आपण पुढे जातो तेव्हा आपण त्याच्या भूतकाळात शिरत असतो. भूतकाळ पाठीशी असतो असे आपण समजतो. येथे तो समोर होता.

आम्ही स्वतः या प्रकाराची फार सौम्य चव घेतली आहे. काही वर्षांपूर्वी एका साहित्यविषयक कार्यक्रमाहून आम्ही मस्कतहून मुंबईस परतत होतो. मांडीवर एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाची प्रकरणे होती. विमान अगदी स्थिर होते. एकाएकी ते डावीकडे कलले, लगेच उजवीकडे, जणू कोणी खांदा धरून हलवावा तसे, आणि तीन सेकंदांत पुन्हा पूर्ववत झाले. चहा पानांवर सांडला. शेजारच्या गृहस्थांनी "एअर पॉकेट लागलं" असा निर्वाळा दिला. थोड्या वेळाने वैमानिकाने सांगितले की दुसऱ्या एका विमानाने ढवळलेल्या हवेतून आपण आलो, काळजीचे कारण नाही.

आमच्या एका सुहृदांचे चिरंजीव वैमानिक आहेत. पुढे त्यांच्याशी या विषयावर बोलणे झाले. ते म्हणाले, "काका, समुद्रावर आम्ही मुद्दामच रेषेच्या थोडे बाजूने उडतो. उजवीकडे एक मैल, फार तर दोन." महासागरी हवाई मार्गांवर या गोष्टीला रीतसर मान्यता आहे. वाट तीच ठेवायची, पण सागरी मैल-दोन मैल उजवीकडे सरकून चालायचे. पूर्वी उपकरणांच्या ढोबळपणाने जे आपोआप घडत असे, ते आता जाणीवपूर्वक करायचे. आम्ही विचारले, आणि तरीही सापडलेच तर? ते म्हणाले, "तर झगडायचं नाही. पायाने रडर दाबायचा मोह होतो, तो आवरायचा. विमानाला त्यातून बाहेर पडू द्यायचं आणि मग सावरायचं."

हा उपदेश मोठी किंमत देऊन मिळालेला आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून उडालेले अमेरिकन एअरलाइन्सचे ए-३०० विमान, उड्डाण क्रमांक ५८७, पुढे गेलेल्या जंबो जेटच्या मागोव्यात शिरले. भोवरा जीवघेणा नव्हता. परंतु त्याला तोंड देताना सहवैमानिकाने रडर एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला असा जोरजोराने दाबला, आणि त्या ताणाने विमानाचे उभे शेपूटच तुटून पडले. विमानातील २६० आणि जमिनीवरील पाच माणसे गेली. पुढे २०१७ साली युरोपीय विमान-सुरक्षा संस्थेने उंचावरील भोवऱ्यांविषयी वैमानिकांना जे पत्रक पाठवले, त्यातही रडर वापरू नका, आधी भोवरा ओलांडू द्या, हाच भर होता.

हे सारे ऐकताना आमच्या मनात चहाचे डाग पडलेली ती प्रकरणे होती. विद्यार्थिनी मोहोळ तालुक्यातली, विषय जात्यावरच्या ओव्या. काम कष्टाने केलेले होते, संदर्भ चोख होते. पण वाचताना आम्हांस आमचाच आवाज ऐकू येत होता. आमची मात्रागणनेची पद्धत, आमचे वर्गीकरण, परिच्छेदाच्या आरंभी 'तथापि' टाकण्याची आमची सवय. तिने काही चोरले नव्हते. आम्हीच शिकवले तेच अत्यंत निष्ठेने तिच्या हातून उमटले होते, आणि त्या निष्ठेच्या प्रमाणात ती स्वतः त्या पानांतून नाहीशी झाली होती. आमचे वजन ते किती! तरीही लहान विमानाला लहान भोवराही पुरतो. मराठी कवितेत तर मोठ्या वजनांचे मागोवे सर्वांना परिचित आहेत. मर्ढेकरांच्या मागे किती काळ यंत्र, उंदीर आणि ओलेत्या प्रतिमा फिरत राहिल्या, ग्रेसांच्या मागे किती संध्याकाळी दाटून आल्या, हे नियतकालिकांच्या जुन्या फायली चाळणाऱ्यास सांगावयास नको.

हॅरॉल्ड ब्लूम यांनी १९७३ साली प्रभावाच्या चिंतेचा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर झुंज होती : नंतर आलेला समर्थ कवी पूर्वसुरींशी झगडतो आणि त्यांना वाकडे वाचून आपली जागा करून घेतो. आम्ही हा सिद्धान्त पुष्कळ वर्षे वर्गात शिकवला. पण आमच्या परंपरेतले एक थोर उदाहरण झुंजीचे नाही. शके १२१२ मध्ये गीतेवरील टीका पूर्ण करताना ज्ञानदेवांनी सांगितले की आपण व्यासांच्या पावलांचा माग काढत आणि भाष्यकारांना रस्ता विचारत आलो. 'मागोवा' हा शब्द आम्ही वर विमानांसाठी वापरला तो तेथूनच उसना घेतला आहे. एवढी उघड कबुली देणारा माणूस व्यासांच्या छायेत लुप्त व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण त्याने वाट तीच ठेवून रेघ बदलली. संस्कृत श्लोकाऐवजी मराठी ओवी घेतली, आणि रस्ता एकाला नव्हे, अनेकांना विचारला. वैमानिकाच्या भाषेत तो मैलभर उजवीकडे सरकून चालला.

आणि मागोवा हा केवळ उलटवणारा नसतो, हेही येथे सांगितले पाहिजे. दोन भोवऱ्यांच्या मधली हवा खाली दाबली जाते; पण त्यांच्या बाहेरच्या कडेला ती वर चढते. तेथे नेमके जागा धरणाऱ्यास पुढच्याच्या श्रमाचा आधार मिळतो. हिवाळ्यात हिमालय ओलांडून उजनी-जायकवाडीच्या पाण्यावर उतरणारे पट्टकादंब हंस बाणाच्या आकारात का उडतात, याचे एक उत्तर यात आहे. 'नेचर' या नियतकालिकात २०१४ साली शराटीच्या एका युरोपीय जातीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळलेले पक्षी एका हलक्या यंत्रामागे उडत होते आणि त्यांच्या पाठीवर बारीक नोंदयंत्रे बांधलेली होती. पुढच्याच्या तिरक्या मागे असलेला पक्षी आपले पंख पुढच्याच्या तालात मिसळून चढत्या हवेचा लाभ घेतो. थेट पाठीमागे सापडला तर तो ताल मुद्दाम उलटा करतो, असे त्यांत आढळले. ९ नोव्हेंबर २०२१ रोजी एअरबसने हाच प्रयोग मोठ्या विमानांवर करून पाहिला. दोन ए-३५० विमाने तूलूझहून माँट्रियलला एकामागून एक, तीन किलोमीटरच्या अंतराने गेली, आणि मागचे विमान पुढच्याच्या चढत्या हवेत बसून गेल्याने सहा टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड वाचला.

हवा तीच, भोवरा तोच. जागा थोडी चुकली की तो आडवे करतो, थोडी साधली की उचलून धरतो.

विद्यार्थिनीला आम्ही भोवऱ्यांचे काहीच सांगितले नाही. प्रबंधाच्या चर्चेत विमाने आणली असती तर तिने मनात काय म्हटले असते देव जाणे. आम्ही एवढेच म्हटले, की आमची पुस्तके महिनाभर कपाटात ठेवा आणि आजीच्या जात्यापाशी जाऊन बसा. ती गेली. दोन महिन्यांनी नवे प्रकरण आले. त्यात तिने लिहिले होते की दळताना दाणे वैरण्यासाठी एक हात खुंट्यावरून सुटतो, आणि आजीच्या गाण्यातला विराम बहुतेक वेळा तेथेच पडतो. मात्रा मोजून हा विराम सापडत नाही, हात पाहावा लागतो. खाली एक टीप होती. त्या टिपेत आमचे वर्गीकरण कोठे अपुरे पडते हे तिने अत्यंत आदराने आणि नावानिशी दाखवले होते. प्रकरणात 'तथापि' एकदाच आला होता, आणि तो त्या टिपेत, आमच्या विरुद्ध.

तिचा मुद्दा सर्व ओव्यांना लागू पडेल की नाही, हे परीक्षक पाहतील. आम्ही ती पाने बाजूला ठेवली आणि आमच्या टिपणवहीत ओवीच्या विरामाविषयी नवे पान काढले. माथ्यावर तिचे नाव लिहिले, आणि खाली जात्याचा खुंटा काढून पाहिला.